जखमेखालचा मुलूख

वैशाख सरत आला असता, पावसाआधी आंबा उतरवून घेण्याच्या घाईत, आमच्या वाडीतील एक काका रायवळाच्या उंच फांदीवरून खाली आले. हातातला झेला दूर उडाला व तो हिरव्या आंब्यांसकट गडग्यापाशी सापडला. काका मात्र पडले तेथेच, पाठीवर, पूर्ण शुद्धीवर होते आणि आपले पाय कुठे आहेत ते समजत नाही असे पुनःपुन्हा सांगत होते. जमलेल्या माणसांनी जे केले ते मनापासून केले. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी गुडघ्यांखाली धरले, अंग मध्ये झोळीसारखे वाकले. मग त्यांना खुर्चीत बसवून, ती खुर्ची दोन बांबूंना बांधून, पाखाडी उतरून मोटाररस्त्यापर्यंत नेण्यात आले. त्यानंतर काका अकरा वर्षे जगले आणि ती सारी वर्षे त्यांनी पडवीतल्या खाटेवर काढली.

त्या अकरा वर्षांतील एक दृश्य मी लहानपणी असंख्य वेळा पाहिले. सकाळी काकू त्यांचे पाय धुवावयास बसत. पितळी तांब्यातले गार पाणी तळपायावर पडले की तो निर्जीव म्हणून ठरविलेला पाय एकाएकी झटका देई, गुडघा दुमडे, आंगठा वरच्या दिशेला ताठ होई आणि मग सावकाश सगळे पूर्ववत होई. काकू दर वेळी मान वर करून काकांच्या तोंडाकडे पाहत, आणि काका दर वेळी म्हणत, "मी नाय हलवला गो." तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी त्यास काही अर्थ नाही असे उत्तर दिले, आणि तेव्हापासून घरात तो विषय निघेनासा झाला.

अर्थ होता. काकू ज्या अर्थाची वाट पाहत होत्या तो नव्हता, हे खरे. परंतु गेल्या शतकभरात शरीरशास्त्रज्ञांनी त्या झटक्याचा जो अर्थ लावला, त्यावरच आज जगातील अनेक प्रयोगशाळांत मज्जारज्जूस इजा झालेल्या माणसांना, शस्त्रक्रिया न करता, केवळ त्वचेवरून दिलेल्या सौम्य विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने पुन्हा पावले टाकावयास शिकविण्याचा प्रयत्न उभा आहे. हा प्रयत्न काय आहे, त्याने किती साधले आहे आणि किती साधावयाचे राहिले आहे, हे सर्वसामान्य वाचकांस नीट समजावे, कारण वर्तमानपत्रांतील मथळे या बाबतीत आशा फार दाखवितात आणि समजूत फार थोडी देतात.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूच्या बुडापासून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीहून जाड नसलेला मऊ दोर. त्यातून दोन्ही बाजूंस चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. कण्याच्या तळापर्यंत तो पोहोचत नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच तो संपतो आणि पुढे घोड्याच्या शेपटाप्रमाणे चेतांचा नुसता झुपका उरतो. पायांचा कारभार पाहणारा त्याचा थोडा फुगीर भाग छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपास असतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. हा दोर म्हणजे तारयंत्राची तार होय, मेंदूने वरून हुकूम सोडावा, तो तारेतून खाली जावा आणि स्नायूने तो बजावावा, अशी आपली साधारण समजूत असते. तार तुटली की हुकूम थांबला आणि हुकूम थांबला की पाय थांबले, असा त्यावरून सरळ निष्कर्ष निघतो. ही समजूत अर्धीच खरी आहे.

जुन्या मुलकी कारभाराची ज्यास थोडी माहिती आहे, त्यास दुसरी अर्धी बाजू चटकन उमगेल. हुजुरातून 'अमुक काम व्हावे' एवढाच हुकूम सुटे. परंतु कोणत्या गावच्या पाटलास केव्हा बोलवावे, एका पेठेचे काम चालू असता दुसरीस कसे थोपवून धरावे, कोणती वसुली कोणत्या वहीत नोंदवावी, ही सारी तजवीज मामलेदार कचेरीतल्या कचेरीतच होत असे, आणि हुजूरास तिचा तपशील बहुधा ठाऊकही नसे. चालण्याचेही असेच आहे. आपण बोलत बोलत रस्त्याने जातो तेव्हा आता उजव्या मांडीचा स्नायू आवळावा, आता पोटरी सैल सोडावी, असा विचार आपल्या मेंदूस शिवतही नाही. 'चालू लाग' आणि 'थांब' एवढाच काय तो वरचा हुकूम; उजवे-डावे यांची पाळी, वाकणे-ताणणे यांचा मेळ, खड्डा लागताच पाऊल आवरण्याची तत्परता, हा सगळा बंदोबस्त मज्जारज्जूच्या त्या कमरेजवळच्या कचेरीत होतो.

हे प्रथम प्रयोगाने दाखविले ते टॉमस ग्रॅहॅम ब्राउन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने. लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या सहवासात काम करीत असता १९११ साली त्याने मांजरांच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायांकडून आत येणाऱ्या संवेदनांच्या चेताही तोडल्या, म्हणजे कचेरीस वरून हुकूम नाही व गावाकडून खबर नाही अशी स्थिती केली, आणि तरीही मागच्या पायांच्या स्नायूंत वाकणे व ताणणे यांची आलटून-पालटून लय काही काळ चालू राहते हे दाखवून दिले. त्यावरून त्याने असा तर्क मांडला की प्रत्येक पायासाठी रज्जूत दोन अर्धी केंद्रे असली पाहिजेत, एक वाकविणारे व एक ताणणारे, आणि एकाने काम करावे तेव्हा त्याने दुसऱ्यास दाबून धरावे. हा तर्क पुढे जवळजवळ अर्धे शतक दप्तरी पडून राहिला. १९६० नंतर स्वीडनमधील आंडर्स लुंडबर्ग व त्यांचे सहकारी यांनी तो वर काढला, आणि त्यांच्यामागून स्टेन ग्रिल्नर यांनी तो पक्का केला. ग्रॅहॅम ब्राउन स्वतः अव्वल दर्जाचा गिर्यारोहक होता. आल्प्समधील माँ ब्लाँच्या ब्रेन्वा कड्यावर १९२७ व १९२८ साली त्याने फ्रँक स्माइथबरोबर नव्या वाटा काढल्या. चालण्याचे मूळ शोधणारा माणूस पायांच्या बळावर एवढ्या उंचीपर्यंत जावा, या गोष्टीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

आता काकांच्या पायाकडे वळू. जखम पाठीच्या मधल्या मणक्यांत होती. तिच्याखालचा मुलूख जसाच्या तसा शाबूत होता. गार पाण्याची खबर तळपायाकडून कचेरीत पोहोचत होती, आणि वरून आवरणारा कोणी नसल्यामुळे कचेरी त्या खबरेवर भलत्याच जोराने अंमल करीत होती. आंगठा वर जाणे हे तर वरची वाट तुटल्याचे वैद्यकशास्त्रातील जुने व खात्रीचे लक्षण. म्हणजे त्या झटक्याने दोन गोष्टी एकदम सांगितल्या होत्या: वाट तुटली आहे, आणि वाटेपलीकडचे ठाणे जिवंत आहे. डॉक्टरांनी पहिली ऐकली, दुसरी ऐकली नाही. त्या काळी ती ऐकून करण्याजोगे हाताशी फारसे काही नव्हते, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

तिसरी एक गोष्ट फार मागाहून कळली आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. मज्जारज्जू चाकूने कापल्यासारखा क्वचितच तुटतो. बहुधा तो मणक्याच्या हाडाखाली चेंगरतो. चेंगरलेल्या दोरात काही धागे अनेकदा शिल्लक राहतात. मिलान दिमित्रियेविच यांनी अशा रुग्णांची विद्युत्‌तपासणी केली तेव्हा असे दिसून आले की, ज्यांची इजा वैद्यकीय परीक्षेत 'पूर्ण' ठरली होती, ज्यांना जखमेखाली काहीही हलविता येत नव्हते, अशा अनेकांच्या जखमेतूनही काही क्षीण संदेश पार होत होते. हुजूराचा जासूद राजरस्ता बुडाल्यावर पाणंदीने कसाबसा येत होता; पण कचेरीत दिवा नव्हता, कारकून पेंगत होते, आणि त्याच्या हातातील कागद वाचावयास कोणी उठत नव्हते.

हा दिवा लावण्याचे काम विजेने होईल काय, हा पुढचा प्रश्न. प्रारंभी ते शस्त्रक्रियेने झाले. अमेरिकेतील लुइव्हिल येथे सुसान हार्केमा, आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील रेजी एजर्टन व मूळचे सेंट पीटर्सबर्गचे युरी गेरासिमेन्को यांनी, मोटारीच्या धडकेने पायांची शक्ती गमावलेल्या रॉब समर्स या तरुण बेसबॉल खेळाडूच्या पाठीत, मज्जारज्जूच्या आवरणावर, १६ विद्युत्‌अग्रांची पट्टी बसविली, आणि प्रवाह चालू असता तो आपल्या पायांवर भार घेऊन उभा राहतो व आपल्या इच्छेने पायांची बोटे, घोटे, गुडघे हलवू शकतो, हे २०११ साली जाहीर केले. २०१८ साली लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधील लोझान अशा तिन्ही ठिकाणांहून, अशी पट्टी बसविलेले काही रुग्ण आधार घेऊन पावले टाकू लागल्याची वृत्ते आली. परंतु शस्त्रक्रिया म्हटली की खर्च आला, जंतुसंसर्गाचे भय आले, आणि ती करणारे हात जगात मोजकेच. म्हणून तोच दिवा बाहेरून लावता येईल काय, याचा शोध सुरू झाला.

व्हिएन्ना येथील कारेन मिनासियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले की पाठीच्या कातडीवर ठेवलेल्या चकतीतून सोडलेला प्रवाह, कातडी, स्नायू व हाड ओलांडून, मज्जारज्जूच्या मागील बाजूने आत शिरणाऱ्या चेतामुळांपर्यंत पोहोचतो. या मुळांत स्नायूंकडून 'मी किती ताणलो आहे' अशी वर्दी आणणारे जाड तंतू असतात, आणि जाड तंतू थोड्या विजेने आधी जागे होतात. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पायाच्या चेतेवर थेट वीज देऊन स्नायू आवळविण्याची युक्ती यापूर्वीची आहे. अर्धांगाच्या रुग्णाचे लोंबते पाऊल प्रत्येक पावलागणिक उचलून धरणारे यंत्र लिबरसन यांनी १९६१ सालीच केले होते. तेथे यंत्र हुकूम देते आणि स्नायू तो पाळतो. पाठीवरच्या या नव्या उपचारात यंत्र कोणताच हुकूम देत नाही. ते स्नायूंकडून येणाऱ्या खबरांचा ओघ वाढवून कचेरीतील चेतापेशींस जागे ठेवते, जेणेकरून वरून पाणंदीने आलेला क्षीण हुकूम त्यांना ऐकू यावा. हुकूम रुग्णाचाच असतो. आणि तो रुग्णास द्यावाच लागतो.

प्रत्यक्षात हे कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. फिजिओथेरपिस्ट रुग्णास किंचित पुढे वाकवून बसविते, बरगड्यांचा शेवट चाचपते आणि आंगठ्याने एकेक मणका मोजत, छातीच्या अकराव्या व बाराव्या मणक्यांमधील खाचेवर येऊन थांबते. पूर्वी सांगितलेला फुगीर भाग येथेच असतो. त्या खाचेवर रुपयाहून थोडी मोठी, गराचा चिकट थर असलेली चकती बसते आणि दोन मोठ्या आयताकृती चकत्या पोटावर बेंबीच्या दोहों बाजूंस चिकटविल्या जातात. मग प्रवाह एकेक मिलिअँपिअरने चढत जातो. सेकंदाला तीसएक ठोके, एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. प्रथम पाठीला मुंग्या येतात. मग कमरेला कोणी रुंद पट्टा आवळल्यासारखे वाटते. आणि ज्यास संवेदना उरली आहे त्यास मांड्यांत झिणझिण्या जाणवतात. फिजिओथेरपिस्टचा तळहात तेवढ्या वेळात रुग्णाच्या मांडीवर असतो, कारण स्नायू आपोआप उडू लागण्याच्या थोडे अलीकडेच थांबावयाचे असते. दिवा इतकाच मोठा करावयाचा की कागद वाचता यावा, डोळे दिपू नयेत. त्यानंतर रुग्णास समांतर दांड्यांमध्ये उभे करतात, किंवा छातीस पट्टे बांधून ट्रेडमिलवर अधांतरी तोलतात, आणि त्यास सांगतात, "आता उजवा पाय पुढे घ्या." पाय लागलीच पुढे येत नाही. कपाळावर घाम येतो, दांड्यावरची बोटे पांढरी पडतात, आणि पुष्कळदा त्या दिवशी जे मिळते ते एवढेच की टाच जमिनीवरून बोटभर उचलली जाते.

२०१५ साली गेरासिमेन्को व एजर्टन यांनी लॉस एंजेलिस येथील पाच पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पाचही जण कमरेखाली काहीही हलवू न शकणारे, इजेस दोनाहून अधिक वर्षे उलटलेले. त्यांना कुशीवर निजवून पाय झोळ्यांत टांगले, म्हणजे पायांचे वजनच नाहीसे केले, आणि आठवड्यातून एकदा याप्रमाणे १८ आठवडे पाठीवरून प्रवाह देत पाय हलविण्याचा सराव करविला. शेवटच्या चार आठवड्यांत एका औषधाचीही जोड दिली. आरंभी पाय विजेनेच पावलांसारखे झुलले. अखेरीस पाचही जण, प्रवाह बंद असतानासुद्धा, आपल्या इच्छेने पाय झुलवू लागले. हे चालणे नव्हे. टांगलेला पाय झुलविणे आणि साऱ्या शरीराचा भार त्यावर तोलणे यांत फार अंतर आहे, आणि ते त्या शास्त्रज्ञांनी लपविलेही नाही. परंतु वर्षानुवर्षे निःशब्द असलेल्या मुलखातून उत्तर आले, एवढे त्यातून निर्विवाद ठरले. या प्रयोगांत प्रवाहाचा प्रत्येक ठोका सेकंदाला १०,००० आवर्तनांच्या जलद लहरीत मिसळून देत, त्यामुळे कातडीस वेदना होत नाही असे त्यांचे म्हणणे. पुढे इतरांनी तपासले तेव्हा अशा लहरीस परिणामासाठी प्रवाहही अधिक लागतो असे आढळले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

विजेचा दुसरा उपयोग याहून नाजूक आणि मला तर अधिक मनोवेधक वाटतो. मोनिका पेरेझ या अमेरिकेतील संशोधिकेने डोक्यावरून चुंबकीय ठोका देऊन मेंदूकडून एक हुकूम खाली सोडला आणि त्याच वेळी हाताच्या किंवा पायाच्या चेतेवर विजेचा एक लहान ठोका देऊन तिकडून दुसरा संदेश वर पाठविला. दोघांची वेळ अशी साधली की मेंदूचा हुकूम रज्जूच्या कचेरीतील एका मेजावर सेकंदाच्या एकदोन हजारांश आधी पोहोचावा आणि चेतेचा संदेश लागलीच त्याच्या मागून. एकाच मेजावर वारंवार एकदम येणाऱ्या दोन कागदांचा संबंध दृढ होतो, हे तत्त्व डॉनल्ड हेब यांनी १९४९ साली सुचविले होते. ते येथे माणसाच्या शरीरात कामास लावण्यात आले. दहा-दहा सेकंदांनी असे १८० जोडठोके, त्यानंतर लगेच व्यायाम, आणि अशी दहा सत्रे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अपूर्ण इजा असलेल्या २५ जणांनी भाग घेतला, आणि ज्यांना नेमक्या वेळेचे जोडठोके मिळाले त्यांच्यात झालेली सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती.

तिसऱ्या प्रकारात तर रुग्ण आपल्या प्रतिक्षिप्त क्रियेसच शिस्त लावतो. गुडघ्याच्या मागील चेतेवर ठोका दिला की रज्जूतून फिरून येणारी प्रतिक्रिया पडद्यावर दांडीच्या रूपाने दिसते. इजेनंतर ती भलतीच वाढलेली असते, आणि काकांचा पाय जसा उसळे तशीच ती चालताना पावलास अडविते. ती दांडी ठरावीक रेषेखाली आणली की पडदा हिरवा होतो. आयको थॉम्पसन व जोनाथन वुल्पॉ यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० सत्रांनंतर नऊपैकी सहा जणांस हे साधले, आणि त्यांची चाल अधिक वेगवान व दोन्ही पायांत अधिक सारखी झाली. आपले पाऊल आपल्याला कसे आवरता आले, हे त्या माणसांना विचारले तर सांगता येणे कठीण. पण आवरले एवढे खरे.

आता हिशेब. हे संशोधन मोठ्या आदराने पाहिले पाहिजे, परंतु चालण्याच्या बाबतीतील बहुतेक अभ्यास लहान आहेत, दहा-वीस माणसांचे. व्यायाम तोच ठेवून वीज खरी दिली व खोटी दिली, तर फरक किती उरतो, याचे उत्तर अभ्यासागणिक बदलते. मोठा अभ्यास झाला तो हातांचा: १४ केंद्रांत ६० जणांवर, आधी दोन महिने नुसता व्यायाम व नंतर दोन महिने मानेवरील प्रवाहासह व्यायाम. २०२४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ७२ टक्के जणांच्या हातांची शक्ती व उपयोग या दोहोंत ठरविलेल्या मापाने सुधारणा आढळली, यंत्रामुळे गंभीर अपाय कोणास झाला नाही, आणि त्या आधारावर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने त्या यंत्रास परवानगी दिली. त्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. आणि परवानगी हातांसाठी आहे. पायांसाठी, चालण्यासाठी, ती अद्याप मिळावयाची आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांस कळकळीने सांगावेसे वाटते की दुखण्यावर म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी करंटची यंत्रे आणून पाठीस लावू नयेत. संवेदना नसलेल्या कातडीस भाजले तरी रुग्णास कळत नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर अशा उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. पेसमेकर असलेल्यास व गर्भवतीस तर हा उपचार वर्ज्यच. आणि जो कोणी अमुक बैठकांत पायांवर उभे करून देतो असे लेखी आश्वासन देऊन आगाऊ रक्कम मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. ज्या प्रयोगशाळांनी हे शोध लावले त्यांतील एकाही शास्त्रज्ञाने असे आश्वासन दिलेले नाही. त्यांनी प्रत्येक वेळी एकच सांगितले आहे की वीज ही व्यायामाची सोबतीण आहे, आणि व्यायामावाचून ती व्यर्थ आहे. आपल्याकडे अडचण नेमकी तेथेच येते. मुंबईस हाजीअलीपाशी १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे; खडकीस सैनिकांसाठी केंद्र आहे; दिल्लीस मज्जारज्जूच्या इजांसाठी मोठे रुग्णालय आहे, आणि ते उभारणारे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले होते व त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून कायमचे चाकाच्या खुर्चीत आले होते. परंतु राजापूर किंवा गडहिंग्लज तालुक्यातील रुग्णास रोज दोन तास समांतर दांड्यांमध्ये उभे करणारे कोणी घराजवळ असेल, तरच उद्या येणाऱ्या यंत्रांचा त्यास उपयोग. नाही तर ती यंत्रे शहरातच राहतील.

शिवाय पाय म्हणजे सर्वस्व नव्हे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली लुडविग गटमन यांनी विभाग उघडला तेव्हा असे रुग्ण पाठीवरील जखमांनी व मूत्राशयाच्या संसर्गाने दगावत. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, मूत्राशय स्वच्छ राखावयाचा, आणि माणसास कामात व खेळात गुंतवावयाचे, एवढ्या साध्या शिस्तीने त्यांनी ते मरण मागे हटविले. पॅरालिम्पिकचा उगमही तेथल्याच १९४८ च्या स्पर्धांत आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर, १९६५ च्याच युद्धात पाठीत गोळी लागलेले, १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. मूत्राशयावर ताबा येणे, रक्तदाब स्थिर राहणे, झटके कमी होऊन रात्री झोप लागणे, या गोष्टी रुग्णास चालण्याइतक्याच, कित्येकदा त्याहून अधिक, हव्या असतात. आणि पाठीवरून दिलेल्या प्रवाहाने झटके काही काळ शमतात असे व्हिएन्नाच्याच अभ्यासकांना आढळले आहे. काकांना एवढे मिळते तरी काकूंच्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

या सर्व उपचारांची ताकद एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: जखमेतून किती धागे शिल्लक राहिले. विजेने नवा धागा निर्माण होत नाही. जो उरला आहे त्याचेच बोलणे ऐकू येते. आणि ज्याच्या हाती ते धागे पहिल्या तासात असतात तो शास्त्रज्ञ नसतो, डॉक्टरही नसतो. झाडाखाली, विहिरीच्या काठी, इमारतीच्या परांचीखाली किंवा रस्त्यावर जमलेला तुमच्या-माझ्यासारखा माणूस असतो. म्हणून माझी विनंती एवढीच की, उंचावरून पडलेल्या अथवा वाहनाच्या अपघातात सापडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्यास उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, बगलेत व गुडघ्यांखाली धरून उचलू नये. डोके, मान व पाठ एका रेषेत, जशी आहेत तशी, स्थिर धरून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. हलविल्यावाचून गत्यंतरच नसेल तर एकाने दोन्ही हातांनी डोके सांभाळावे, बाकीच्या तिघाचौघांनी खांदा, कंबर व पाय धरावे, आणि डोके धरणाऱ्याच्या सांगण्यावर, ओंडका वळवावा तसे सगळे अंग एकदम वळवून सपाट फळीवर घ्यावे. फळी नसेल तर एखादे दार बिजागऱ्यांवरून उतरवून घ्यावे. काका पडले तेथून गोठ्याचे फळ्यांचे दार वीस पावलांवर होते.